फळी

लग्न आधी लावलं, पत्रिका आता जुळवतोय.
वाडीतल्या सुताराकडून चोवीस फळ्या कापून आणल्या,
वीतभर लांब, सहा बोटं रुंद, तीन मिलिमीटरचा प्लाय,
विश्वामित्रीची वाळू फेविकॉलमध्ये कालवून थापली,
गाळलेल्या चहाची वाळवलेली पत्ती, तीच झुडपं,
आणि एकेका फळीवर बेचाळीस सातवाहन,
बोटाच्या पेराएवढे.
एक जण मागे वळून पाहतो,
एक जण वाकून वहाणेचा बंद बांधतो, अजून.

खेळायचं कोणत्या नियमांनी, हे तेव्हा कुणी विचारलं होतं?

दांडिया बाजार, व्यायामशाळेचा वरचा मजला,
जाळी काढलेलं टेबल-टेनिसचं टेबल.
पलीकडे हेमेन्द्रभाई मजमुदार, त्याचे क्षत्रप,
घोड्यावर उलटं वळून बाण सोडणारे.
मध्ये लिलो चिवडा, आणि नियमांची तीन पुस्तकं.

पिवळं पुस्तक प्रत्येक बाणाचा हिशेब मागतं.
दर बाणाला फासा, दर मेल्या माणसाला
चिमटीत उचलून बाजूला ठेवायचं.
अहो, पण हे चिकटलेत.
एकाला ओढलं तर पायाखालची जमीन निघते,
शेजाऱ्याचा भाला हातात येतो.

निळं विद्वान आहे. त्याला पलटणीचे सहा तुकडे हवेत,
कोपऱ्यावर वळण, वळणाला अंश,
मी नातीची कंपासपेटी घेऊन आलो होतो.
वीतभर फळी पंचेचाळीस अंशांत वळवली
तर तिची शेपटी डोंगरात जाते.
डोंगर म्हणजे उशी, हिरव्या चादरीखालची.
हेमेन्द्रभाईचा भाचा देवांग म्हणाला, मागे मणी ठेवा,
दर घावाला एक लाल मणी.
दोन डावांनंतर टेबलावर इतके मणी
की युद्ध कमी, कासाराचं दुकान जास्त.

खालून दंडांचा आकडा येतो,
सदतीस, अडतीस, आणि कुणीतरी दमून थांबतं.

तिसरं पुस्तक सोळा पानांचं, झेरॉक्स, एक पान तिरकं.
त्यात इंच नाहीत. माप म्हणजे फळीच:
पायदळ एक फळी, घोडा दोन,
हत्ती एक, दिशा फासा ठरवील.
मार लागला की फळी दमते,
पुन्हा लागला की डगमगते, मग फुटते.
फुटली की अख्खी उचला.
सुटा असा कुणी मरतच नाही यात.

मी म्हणालो, हे घेऊ.
हेमेन्द्रभाई म्हणाला, फार सोपं आहे रे, पोरांचा खेळ.
मी म्हणालो, फळ्यांना शोभतं.

मोठ्या फळ्या दिसायला छान, असंही मीच म्हणालो होतो,
गेल्या उत्तरायणाला, गच्चीवर,
त्याच्या हातात फिरकी थरथरली, मांजा सैल पडला,
आणि त्यानं ती हसत देवांगकडे दिली, त्यानंतर.
चाळीस वर्षं औषधांच्या कारखान्यात
बाटल्यांवरची बारीक अक्षरं तपासणारा माणूस.
याच हातानं त्यानं क्षत्रपांच्या मिशा रंगवल्या,
एका केसाच्या कुंचल्यानं.

चौथ्या फेरीला माझी उजवी फळी फुटली.
मी हात पुढे केला.
“रहेवा दे, हुं लऊं छुं.”
दोन्ही हातांनी, दोन्ही कडांना धरून,
नैवेद्याचं ताट उचलावं तशी त्यानं ती उचलली.
भाले हलले, जसे वाऱ्यात हलतील.
खिडकीच्या कट्ट्यावर टेकेपर्यंत
मी तिकडे पाहिलं नाही, चिवड्यातले दाणे वेचत बसलो.

बेचाळीसच्या बेचाळीस उभे.
वहाण बांधणारा अजून बांधतोच आहे.

हत्तीचा वाद मिटलेला नाही.
तो म्हणतो, बिथरलेला हत्ती स्वतःचीच फळी तुडवतो,
पान अकरा. पान अकरा तिरकं आलंय,
शेवटची ओळ झेरॉक्समध्ये कापली गेलीय.
पुढच्या रविवारी बघू.
खाली कुणीतरी पुन्हा एकपासून सुरू करतंय.